एका तुडतुड्याची पावणेआठ लाख उत्तरं

धान निसवायला लागलं की भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात माणसं बांधीत उतरून बुंध्याशी वाकून बघायला लागतात. तुडतुडा पानावर मिरवत नाही. तो खाली, पाण्याच्या जरा वर, चुडाला चिकटून रस ओढत बसतो. बांधावरून पाहावं तर शेत हिरवंगार, आणि थोड्याच दिवसांत मधेच एक गोल चट्टा जळल्यासारखा दिसू लागतो. अशा वेळी पूर्वी कृषी सहायकाला गाठावं लागे (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणायचं). २००४ पासून किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबरही होता. आता शेतकरी फोनवर थेट यंत्राला विचारू शकतो. राज्याच्या कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ हे मराठीत उत्तरं देणारं ॲप २०२५ च्या मे महिन्यात आलं. पुढच्याच महिन्यात मंत्रिमंडळानं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं २०२५ ते २०२९ चं धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले.

या यंत्रानं बोलायचं कसं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. वरवर हे काम दुपारभराचं वाटतं: नम्र असावं, थोडक्यात सांगावं, झालं. पण जरा गुणाकार करून बघू.

आधी प्रश्नाची बाजू. शेतकऱ्याला विचारायचं एवढंच आहे की धानाला तुडतुडा लागलाय, काय करू? पिकाला तो ‘धान’ म्हणेल किंवा ‘भात’, म्हणजे २ पर्याय. किडीला ‘तुडतुडा’, ‘तुडतुडे’, ‘मावा-तुडतुडा’ किंवा नुसतंच ‘किडे’, म्हणजे ४. ती लागली, आली, पडली, धान करपलं, धान वाळतंय: ५. काय मारू, काय फवारू, औषध कोणतं, उपाय सांगा, किती टाकू: ५. ‘भाऊ’, ‘सर’, ‘मॅडम’ किंवा काहीच नाही: ४. आणि टंकलेखन देवनागरीत किंवा रोमन अक्षरांत: २. यांचा गुणाकार १,६०० होतो. यात शुद्धलेखनाच्या चुका धरलेल्या नाहीत. बोलून विचारलं तर आणखी वेगळी पंचाईत, कारण हा झाडीबोलीचा मुलूख आहे. इथल्या तोंडात ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. पुण्या-मुंबईच्या आवाजांवर शिकलेल्या यंत्राला ‘वारते’ ऐकून वारा सुटल्याचा भास झाला, तर त्यात शेतकऱ्याचा दोष काय?

आता उत्तराची बाजू. यंत्र ‘सांगतो’ म्हणणार, ‘सांगते’ म्हणणार, की दोन्ही टाळून ‘पुढील उपाय करावा’ अशी वाक्यं रचणार? ३ पर्याय. शेतकऱ्याला तू, तुम्ही की आपण? ३. भाषा प्रमाण, बोलीकडे झुकलेली की शासकीय परिपत्रकासारखी? ३. उत्तर एका ओळीचं, एका परिच्छेदाचं की पानभर? ३. ठाम सांगायचं, ‘बहुधा’ म्हणायचं की माणसाकडे पाठवायचं? ३. शेवटी हसरे चेहरे आणि रोपट्यांची चित्रं लावायची की नाही? २. झाले ४८६ स्वभाव.

१,६०० प्रश्न आणि ४८६ स्वभाव मिळून ७,७७,६०० जोड्या होतात, तेही एका किडीसाठी. प्रत्येक जोडी एका मिनिटात तपासून ‘हे आपल्या माणसाला शोभेल का’ असं ठरवायचं म्हटलं, तर १२,९६० तास लागतात. रोज आठ तास, रविवारीही सुट्टी न घेता, सुमारे साडेचार वर्षं. तोवर खोडकिडा, गादमाशी, करपा आणि कडाकरपा आपापल्या रांगेत उभे आहेतच.

पूर्वीची बटणांची यंत्रं या भानगडीत पडत नसत. ‘मराठीसाठी १ दाबा’ पद्धतीत नऊ पर्यायांच्या पाच पायऱ्या ठेवल्या, तर वाटा होतात ५९,०४९. संख्या मोठी, पण मोजता येणारी. प्रत्येक वाटेच्या टोकाशी माणसानं लिहिलेलं वाक्य असतं आणि ते चुकलं तर कोणी लिहिलं हे शोधता येतं. आताची भाषा-मॉडेलं वाक्यं साठवत नाहीत. ती एकेक तुकडा निवडत वाक्य विणत जातात. या तुकड्यांना टोकन म्हणतात. २०२० सालच्या जीपीटी-३ या मॉडेलाकडे असे ५०,२५७ तुकडे होते. म्हणजे १०० तुकड्यांचं एक साधं उत्तर किती प्रकारे जुळवता येईल? १ वर ४७० शून्यं. त्यातला बहुतेक सगळा निव्वळ कचरा असणार, म्हणून उदार होऊन धरू की प्रत्येक पायरीला फक्त दहाच तुकडे शोभतात. तरी १ वर १०० शून्यं उरतात. दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या १ वर ८० शून्यं इतकी धरतात. म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याला १ वर २० शून्यं इतकी उत्तरं येतात, आणि त्यातल्या एकानं लाखनीच्या बांधावर उतरायचं आहे.

या अफाट शक्यतांतून यंत्राला वाट दिसते ती वाचनामुळे. जीपीटी-३ ला सुमारे ३०,००० कोटी तुकड्यांवर शिकवलं गेलं. चार तुकड्यांचे तीन शब्द होतात असा ढोबळ हिशेब धरला, तर २२,५०० कोटी शब्द. मिनिटाला २०० शब्द वाचणाऱ्यानं न जेवता, न झोपता हे वाचायला बसलं तर २,१४० वर्षं लागतील. भंडारा जिल्ह्यातच पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. सातवाहनांच्या काळी त्या स्तूपाशी कोणी वाचायला बसलं असतं, तर ते आता कुठे शेवटच्या पानांवर आलं असतं. आणि हे जुनं मॉडेल. मेटा कंपनीचं २०२४ मधलं लामा ३ हे १५ लाख कोटी तुकड्यांवर शिकलं, म्हणजे त्याच्या पन्नासपट. त्याच वेगानं १,०७,००० वर्षं.

एवढं वाचून यंत्राला भाषा येते, पण वागणं येत नाही. प्रश्नाच्या पुढे ते आणखी चार प्रश्नच लिहून काढेल, कारण त्यानं वाचलेल्या पानांवर प्रश्नांखाली अनेकदा प्रश्नच होते. २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीनं या जीपीटी-३ ला वळण लावल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यातले आकडे मला त्या अब्जावधींपेक्षा जास्त चक्रावणारे वाटतात. सुमारे ४० माणसं कामाला लावली होती. त्यांच्या मदतीनं सुमारे १३,००० नमुने तयार झाले: असं विचारलं तर असं उत्तर द्यावं. मग यंत्राच्या उत्तरांची प्रतवारी करण्याचं काम, तेही हजारांत मोजण्यासारखं. या संस्कारानंतर १३० कोटी आकड्यांचं (म्हणजे शिकताना आत ठरत जाणाऱ्या पॅरामीटरचं) छोटं मॉडेल माणसांना १७,५०० कोटी आकड्यांच्या मूळ मॉडेलापेक्षा जास्त पसंत पडलं. शंभरपटीहून मोठं यंत्र हरलं, आणि हरवणारी माणसं एका एसटीत मावतील इतकी.

१३,००० नमुने म्हणजे, प्रत्येकी १०० शब्द धरले तर, १३ लाख शब्द. आपला तोच वाचक ते रोज आठ तास वाचून दोन आठवड्यांत संपवेल. एका बाजूला दोन हजार वर्षांचं वाचन, दुसऱ्या बाजूला दोन आठवड्यांचं; स्वभाव ठरतो तो या दुसऱ्या बाजूला. म्हणून ‘मराठीचा मजकूरच कमी, आपण काय करणार’ हे रडगाणं मला अर्धंच खरं वाटतं.

वळण किती नाजूक असतं, हे २०२५ च्या एप्रिलमध्ये दिसलं. २५ तारखेला ओपनएआयनं आपल्या जीपीटी-४ओ मॉडेलात एक सुधारणा सोडली. वापरणाऱ्यांनी दिलेल्या अंगठ्यांना, म्हणजे उत्तर आवडलं की नाही या खुणांना, तिच्यात जास्त वजन मिळालं होतं. यंत्र लाळघोटं झालं. कोणी काहीही म्हणो, ‘वा, काय विचार केलात!’ २८ तारखेपासून कंपनीनं ती सुधारणा मागे घ्यायला सुरुवात केली आणि खुलाशात लिहिलं की आठवड्याला ५० कोटी माणसं वापरत असताना एकच ठरीव स्वभाव सगळ्यांना पुरणार नाही. त्याच वर्षीच्या जुलैत चॅटजीपीटीला रोज २५० कोटी संदेश जात असल्याचं कंपनीनं सांगितलं. हे सेकंदाला जवळजवळ २९,००० झाले. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२,००,३३४. तेवढ्या सगळ्यांनी, तान्ह्या बाळांसकट, दिवसाला प्रत्येकी दोन हजारांवर प्रश्न विचारले तर हा आकडा गाठता येईल. अशा यंत्रानं शंभरातल्या एकाच उत्तरात खोटी वाहवा केली, तरी रोज अडीच कोटी वाहवा होतात.

बांधावर ही वाहवा महाग पडते. ‘धान पिवळं दिसतंय, युरियाची अजून एक बॅग टाकतो’ असं शेतकरी म्हणाला आणि यंत्रानं ‘उत्तम निर्णय!’ म्हटलं, तर तुडतुड्याची दिवाळी. नत्र जास्त झालं की धान लुसलुशीत होतं आणि ही कीड वाढते. तिथं हवं असलेलं वाक्य रुक्ष आहे: थांबा, आधी बुंधे बघा. असं वाक्य ऐकून अंगठा वर करणारे थोडेच.

मोजमाप कशाचं करायचं, यावरही स्वभाव ठरतो. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये चीनमध्ये शाओआइस नावाचं गप्पा मारणारं यंत्र आणलं. तिचा स्वभाव अठरा वर्षांच्या, समजूतदार, विनोदी मुलीचा ठरवला होता. ६६ कोटी माणसं तिच्याशी बोलली आणि एका बैठकीत सरासरी २३ वेळा बोलणं पुढेमागे होई. तिच्या निर्मात्यांना या २३ चा अभिमान होता, कारण त्यांना माणूस गुंतवून ठेवायचा होता. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला २३ वेळा उत्तर द्यावं लागलं, तर ते यंत्र फेकून द्यावं. त्याला एका पंपाला किती टाकायचं ते हवं असतं. हेक्टरी ५०० लिटर पाण्याचा हिशेब त्याच्या माथी मारायचा नसतो. इथं दोन फेऱ्या पुरे: तुमचा पंप १५ लिटरचा की १६ चा, आणि मग उत्तर.

या क्षेत्रातला सगळ्यात जुना धडाही स्वभावाबद्दलचाच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा हा संवादाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तिला त्यांनी मानसोपचारकाची भूमिका दिली, कारण त्या भूमिकेत काहीही माहीत नसलं तरी चालतं. समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचं. लोक तिच्यापाशी मन मोकळं करू लागले, तेव्हा वायझेनबाउमच हादरले. स्वभावानं अज्ञान झाकता येतं, हे तेव्हाच कळलं होतं. औषधाचं प्रमाण सांगणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मला याचीच जास्त भीती वाटते. केंद्राचा ‘किसान ई-मित्र’ २०२३ पासून ११ भाषांत पीएम-किसानसारख्या योजनांबद्दल उत्तरं देतो. रोज २०,००० हून जास्त प्रश्न येतात असं सरकारनं २०२५ मध्ये सांगितलं होतं. दिवसाला ६० फोन घेणारी ३३३ माणसं बसवावी लागली असती. म्हणून यंत्र हवंच. पण कुठलंही यंत्र ९९ टक्के बरोबर आणि बोलायला गोड असेल, तर २०,००० प्रश्नांमागे रोज २०० चुका गोड आवाजात सांगितल्या जातील. वर्षाला ७३,०००. ‘मला नक्की माहीत नाही, तुमच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा’ हे म्हणता येणं, हा त्या ४८६ स्वभावांतला सगळ्यात किमती गुण आहे.

मराठीला मध्यंतरी एक दंडही भरावा लागत होता. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि पायमोडही, सहसा तीन बाइट खातं. ‘नमस्कार’ला २१ लागतात, रोमन अक्षरांत लिहिला तर ८. जुन्या मॉडेलांचे तुकडे मुख्यतः इंग्रजीवरून पाडलेले असल्यामुळे मराठीचा चुरा व्हायचा. २०२४ च्या मे महिन्यात जीपीटी-४ओ आलं, तेव्हा ओपनएआयनं नमुन्याचं एकच लहानसं स्वागत अनेक भाषांत मोजून दाखवलं. मराठीत त्याचे आधी ९६ तुकडे व्हायचे, ते ३३ वर आले. इंग्रजीत २७ चे २४. यंत्राच्या वापराचे पैसे तुकड्यांवर आकारले जातात, त्यामुळे आधी मराठी माणूस तेच बोलायला साडेतीनपट मोजत होता. आता दीडपटीच्या आत आलाय. नमुन्याच्या त्या मराठी वाक्यात मॉडेलानं स्वतःला ‘नवीन प्रकारची’ म्हणवून घेतलं होतं, म्हणजे ‘सांगतो’ की ‘सांगते’ या ३ मधला एक पर्याय कोणीतरी आपल्यासाठी परस्पर निवडून टाकला होता.

मग लाखनीला काय लागेल? १५ लाख कोटी तुकडे लागणार नाहीत, ते कोणीतरी आधीच वाचून ठेवलेत. लागतील वळण लावणारे तसेच १३,००० नमुने. शंभर माणसं धरा: धान करणारे शेतकरी, रोवणीला जाणाऱ्या बाया, कृषी अधिकारी, मराठीचे शिक्षक, झाडीबोलीत लिहिणारी मंडळी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाची वाट घालून दिली आहे, तेव्हा काम शून्यातून सुरू होत नाही. प्रत्येकी १३० उत्तरं, रोज चार-पाच लिहिली तर महिन्याभरात संपतात. पऱ्हे टाकल्यापासून रोवणीला येईपर्यंतचा वेळ पुरतो. भांडणं होतीलच. बाईंना ‘भाऊ’ म्हणणारं यंत्र पहिल्याच दिवशी बाद होईल, ‘आपण’ला बहुतेकजण हसतील, आणि ‘धान’ की ‘भात’ यावर लाखनीत एकमत झालं, तरी कोकणातून वेगळी १३,००० ची वही मागवावी लागेल.