वृक्क प्रतिरोपण, अल्पछेदी
कायमचे निकामी झालेल्या वृक्काचे (मूत्रपिंडाचे) कार्य चालावे म्हणून दुसऱ्या व्यक्तीचे निरोगी वृक्क रुग्णाच्या शरीरात बसविणे यास वृक्क प्रतिरोपण म्हणतात. मोठ्या छेदाऐवजी लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्याची उपकरणे घालून ही शस्त्रक्रिया केल्यास ती अल्पछेदी होय. दाता जिवंत असल्यास एका निरोगी माणसाला स्वतःस शारीरिक लाभ नसताना शस्त्रक्रिया सोसावी लागते. त्यामुळे या तंत्राचे महत्त्व रुग्णापेक्षाही दात्याच्या बाबतीत अधिक आहे.

इतिहास : जोसेफ मरी यांनी १९५४ मध्ये बॉस्टन येथे एकरूप जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रतिरोपण केले. भारतात १९७१ मध्ये वेल्लोर येथे त्यात यश आले. त्या काळी दात्याच्या कुशीवर लांब छेद घेत व प्रसंगी बरगडीचा भाग काढीत. राल्फ क्लेमन यांनी १९९० मध्ये सेंट लूइस येथे रोगग्रस्त वृक्क दुर्बिणीच्या साहाय्याने काढले. १९९५ मध्ये लॉइड रॅटनर व लुई कावुसी यांनी बॉल्टिमोर येथे दात्याचे वृक्क याच पद्धतीने काढले.

दात्यावरील शस्त्रक्रिया : उदरगुहेत कार्बन डाय-ऑक्साइड वायू भरून जागा करतात व तीन-चार छिद्रांतून वृक्क मोकळे करतात. डाव्या वृक्काची नीला अधिक लांब असल्याने बहुधा तेच निवडतात. रोहिणी व नीला बंद करून कापल्यावर ओटीपोटावरील सु. ६ ते ८ सेंमी. छेदातून वृक्क बाहेर काढून ताबडतोब थंड द्रावाने धुतात. वेदना कमी होतात व दाता लवकर कामाला लागतो. रक्तस्राव आवरत नसल्यास मात्र तत्काळ मोठा छेद घ्यावा लागतो.

ग्राहीवरील शस्त्रक्रिया : नवे वृक्क सामान्यतः ओटीपोटाच्या एका बाजूस, छेद घेऊन बसवितात. त्याच्या रक्तवाहिन्या श्रोणीतील वाहिन्यांना व मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. हे सांधकाम यंत्रमानवी उपकरणांनी लहान छेदातूनही करता येते. त्या वेळी वृक्क बर्फाने थंड राखतात. स्थूल रुग्णांत जखमेचा जंतुसंसर्ग यामुळे कमी होतो. परंतु खर्च अधिक असून दीर्घ प्रशिक्षण लागते. म्हणून ग्राहीसाठी मोठ्या छेदाची पद्धतच अजून अधिक प्रचारात आहे.

विदर्भातील स्थिती : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन २०२४ मध्ये झाले. प्रतिरोपणाची शासकीय सोय नागपूर व अमरावती येथे आहे. मृत दात्यांच्या अवयवांचे विदर्भातील वाटप नागपूर येथील विभागीय केंद्रामार्फत होते. १९९४ च्या अवयव प्रतिरोपण कायद्यानुसार अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. निकट नातेवाइकांखेरीज इतर दात्यांना प्राधिकृत समितीची मान्यता लागते.

वाशीमसारख्या सोयाबीन-तुरीच्या शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात दाता व रुग्ण एकाच कुटुंबातले असले, तर दोन माणसे एकदमच कामातून जातात. दात्याची जखम लवकर भरणे हा अशा घराचा मोठा आधार ठरतो. तथापि छेद लहान झाला, तरी पथ्य लहान होत नाही. दात्याने काही आठवडे ओझे उचलू नये आणि रक्तदाब व लघवीची तपासणी दरवर्षी करावी. ग्राहीला शरीराने नवे वृक्क नाकारू नये यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.