इंग्रजीतले ‘जर-तर’

बेळगाव-खानापूरकडील आमची मुले मराठी शाळेत शिकतात, कन्नडही शिकतात. पण नोकरीच्या परीक्षेत इंग्रजी आडवे येते. त्यातही ‘जर-तर’ची वाक्ये हमखास चुकतात. त्याचे कारण मराठीतच आहे.

‘पाऊस आला तर मी येणार नाही’ यात ‘आला’ हे रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र पुढचा. म्हणून मुले ‘इफ इट रेन्ड’ लिहितात, नाहीतर भविष्य धरून ‘इफ इट विल रेन’. इंग्रजीला येथे साधा वर्तमानकाळ लागतो : ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम’.

‘तू आला असतास तर मी थांबलो असतो’ यात ‘असता’चे रूप दोन्हीकडे येते, म्हणून ‘वुड हॅव’ही दोनदा पडते. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ हवे : ‘इफ यू हॅड कम, आय वुड हॅव वेटेड’.

ही चूक अडाणीपणाची नव्हे, मातृभाषेच्या वळणाची आहे. आम्ही शिक्षकांनी मुलांना हसू नये. दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी मांडावीत. ज्याचे मराठी पक्के, त्याला हा फरक चटकन उमगतो. पालकहो, इंग्रजीसाठी मराठी शाळा सोडण्याचे कारण नाही.