विश्लेषण : ईटिंग डिसऑर्डरमधून सावरताना वजन कसे वाढवावे? सुरुवातीलाच पोटभर खाणे धोक्याचे का?

महिनोन्महिने नीट न जेवणारी मुलगी किंवा मुलगा अखेर जेवायला तयार झाला, की घरात शिरा, लाडू, तुपाची धार सुरू होते. आग्रहामागची माया खरी असते. मात्र, उपाशी राहिलेल्या शरीरावर अचानक अन्नाचा मारा केल्यास ते जिवावर बेतू शकते. वजन वाढवणे हा या आजारात उपचारांचाच भाग आहे आणि म्हणून त्यालाही क्रम असतो.

हा नेमका आजार काय?

ईटिंग डिसऑर्डर हा खाण्याशी संबंधित मानसिक आजार आहे. त्यातील ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’मध्ये वजन वाढण्याची तीव्र भीती असते आणि रुग्ण खाणे कमी करत जातो. हा ‘डाएटचा नाद’ किंवा हट्ट नव्हे. तो मुलींप्रमाणे मुलांनाही होतो.

एकदम भरपूर खाल्ल्यास काय होते?

दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या काही उपाशी कैद्यांचा पोटभर जेवल्यानंतर मृत्यू झाला. याला आज ‘रिफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू वापरते, क्षारांचा साठा रिता होतो. पुन्हा भात, पोळी, साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढते. त्यासोबत रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते आणि रक्तातील पातळी झपाट्याने घसरते. हृदयाचे ठोके बिघडणे, श्वास घ्यायला त्रास, झटके येणे असे परिणाम होऊ शकतात. पहिले काही दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. थोड्या काळात खूप वजन घटले असेल, तर दिसायला बारीक नसलेल्या व्यक्तीलाही हा धोका असतो.

मग सुरुवात कशी करावी?

आधी डॉक्टरांकडून रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. किती खायचे आणि ते कसे वाढवायचे, हे डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवतात. गरजेनुसार थायमिन म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्वही दिले जाते. साधारणपणे तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा खाणे, असे वेळापत्रक ठेवले जाते. त्यासाठी वेगळे महागडे अन्न लागत नाही. तूप घातलेला वरण-भात, थालीपीठ-लोणी, दूध-केळे, अंडी, पनीर, शेंगदाण्याची चटणी हे सारे चालते. वजन वाढवणाऱ्या पावडरी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या काळात उपवास टाळावेत, व्यायामही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच करावा.

खाऊनही वजन का वाढत नाही?

उपासमारीत शरीर ऊर्जा वाचवत असते. अन्न मिळू लागले की चयापचय वेग घेते आणि बरीच ऊर्जा आतल्या दुरुस्तीत खर्च होते. त्यामुळे काही आठवड्यांनी आहार आणखी वाढवावा लागतो. पोट रिकामे होण्याचा वेग मंदावलेला असल्याने थोडे खाऊनही पोट फुगल्यासारखे वाटते. नियमित खाण्याने हा त्रास हळूहळू कमी होतो.

पोटच का सुटते?

सुरुवातीला चरबी पोटाभोवती अधिक साठते, पायांवर सूजही येऊ शकते. ‘मी जाडच होत चाललेय’ या भीतीने अनेक जण इथेच पुन्हा खाणे सोडतात. वजन टिकून राहिले, तर ही चरबी कालांतराने शरीरभर विभागली जाते. सूज आली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

मन कधी सावरते?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. सतत अन्नाचेच विचार, चिडचिड, उदासी सुरू झाली. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही सावरायला अनेक महिने लागले. म्हणजे उपासमार मनही बदलते. त्यामुळे वजन वाढल्याशिवाय समुपदेशनाचा पुरेसा उपयोग होत नाही आणि केवळ वजन वाढले म्हणून आजार बरा झाला, असेही नाही.

घरच्यांनी काय करावे?

किशोरवयीन रुग्णांच्या उपचारांत जेवणाची जबाबदारी काही काळ पालकांकडे दिली जाते. ताटावर सोबत बसावे, गप्पा माराव्यात, घास मोजू नयेत. ‘तब्येत सुधारली हं!’ हे आपल्याकडचे कौतुक रुग्णाला ‘जाड झालीस’ असेच ऐकू येते. दिसण्यावर बोलण्याऐवजी ‘आज गप्पांना मजा आली’ इतके म्हणणे पुरेसे असते. वजनाचा काटाही घरात नको. वजन दवाखान्यातच घ्यावे.

चक्कर, छातीत धडधड, धाप, गोंधळल्यासारखे वागणे यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध आहे.