डोक्यावरची माती

१० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजले असतील. मानवतच्या आमच्या जुन्या घरात मी खांबाला टेकून चहा पीत होतो. देवळीतला तांब्या किणकिणला, कोपऱ्यात उभी केलेली काठी घसरून पडली आणि वरून चिमूटभर माती थेट माझ्या कपात आली. सगळा खेळ दोन-चार सेकंदांचा. थोड्या वेळाने कळलं, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला, तीव्रता ४.५. मार्चमध्येही असाच एक येऊन गेला होता. दोन्ही वेळा घराला काही झालं नाही. पण चहात पडलेली ती माती काही केल्या डोक्यातून जाईना.

मराठवाड्यातल्या माणसाला माळवद समजावून सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला-तुराट्यांचा थर आणि सगळ्यांच्या वर माती. दरवर्षी मृगाच्या आधी वर चढून नवी पांढरी माती टाकायची, धोपटून बसवायची आणि पाण्याला पन्हळीकडे उतार द्यायचा. आमची काळी माती या कामाची नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हात तडकते. असं घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. गोष्ट एवढीच, की माती दरवर्षी चढत जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात नेमकी हीच माती आणि हेच दगड माणसांच्या अंगावर आले. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. हजारो पुन्हा उठलीच नाहीत. नंतर इंजिनिअर मंडळींनी कारणं सांगितली. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, पण आत आणि बाहेर दगडांचे दोन वेगळे पडदे, मध्ये भर, आणि दोन्ही पडदे बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की पडदे फाकतात आणि वरचं ओझं खाली येतं. जिथे छत लाकडी खांबांवर तोललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत उभं राहिलं. हे मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं, हळहळलो आणि बँकेत निघून गेलो. माझ्या स्वतःच्या डोक्यावर काय आहे, ते पाहायला मला तीस वर्षं लागली.

मुलांचा सल्ला फोनवरून ताबडतोब आला. “बाबा, पाडा आणि स्लॅब टाका.” बँकेत असताना घरदुरुस्तीची किती कर्जप्रकरणं मी पाहिली असतील, त्याची गणती नाही. दुसऱ्यांच्या भिंतींना टेप लावून मी शेरे मारले. हातात थापी मात्र कधी धरली नाही. निवृत्तीनंतर एकदा धरली, तेव्हा न्हाणीशेजारच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचं झकास प्लास्टर केलं. वाटलं, झाली भिंत पक्की. जमिनीतून चढणारी ओल पूर्वी भिंतीच्या अंगातून वाळून जायची, ती आत कोंडली. लोणा वर सरकला आणि दोन पावसाळ्यांत प्लास्टर आतल्या मातीसकट भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून आलं. ती भिंत नंतर चिखल आणि भुसकटाने पुन्हा लिंपली; वर चुन्याचे दोन हात दिले. अजून ठीक आहे.

तर या खेपेस आधी हिशेब केला. मधली खोली दहा बाय सोळा. कडेला कुदळीने उकरून पाहिलं, मातीचा थर पावणेदोन फूट. म्हणजे दोनशे ऐंशी घनफूट, घनफुटाला धरा पंचेचाळीस किलो. साडेबारा टन! माल भरलेल्या ट्रकवर जेवढं वजन असतं तेवढं माझ्या आईच्या बाजेवर, वर्षानुवर्षं. कागद सौ.ला दाखवला, तर तिने दुपारीच बाज ओसरीवर काढली.

आई ब्याऐंशी वर्षांची. तिला काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, “तुझे आजोबा आधी जुनी माती खरवडून घ्यायचे, मग नवी टाकायचे. पुढं गडी मिळेनात. मग नुसतीच टाकायची सवय लागली.” एवढ्या एका वाक्यात साडेबारा टनांचा सगळा हिशेब होता. हल्ली ‘घरच्या घरी करा’ म्हणून ड्रिल मशीनच्या जाहिराती येतात. आईने आयुष्यभर सारवलं, लिंपलं, दिवाळीआधी चुना दिला, माळवदावर टोपल्या चढवल्या. त्याला कुणी छंद म्हटलं नाही आणि कामही म्हटलं नाही.

पावसाळ्यात माळवद उघडता येत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. एक ओळखीचे मिस्त्रीमामा आले. त्यांनी प्रत्येक तुळईला हातोडीचे टोले मारून आवाज ऐकला. एका तुळईचं टोक भिंतीत वाळवीने खाल्लेलं निघालं. तिथे त्यांनी लोखंडी आधार दिला. भिंतीत आरपार दगड बसवायचं कामही त्यांचंच. एकेक दगड काढून, जवळजवळची भोकं एकदम न पाडता ते करावं लागतं. मी फक्त पाणी देत उभा होतो. “साहेब, हितं हात घालू नका. तुम्ही आपली माती बघा.” खाली टेकू लावून झाल्याशिवाय त्यांनी मला वर चढू दिलं नाही.

माती काढायची ती सगळीकडून सारखी, पातळ पातळ. एका कोपऱ्यात खड्डा केला की वजन एकीकडे कलतं. रोज सकाळी दोन तास मी आणि माझा भाचा. घमेली मोजायला जुनी डायरी घेतली. फूटभर माती काढायची होती, म्हणजे हिशेबाने चारशे ऐंशी घमेली. निघाली पाचशे सतरा. बँकेत एवढा फरक निघाला असता, तर रात्री दहापर्यंत बसावं लागलं असतं.

खाली गल्लीत रोज एक प्रश्न ठरलेला. “काय, निघालं का काही?” दुसऱ्या गावात मी हसून सोडून दिलं असतं. मानवतात या प्रश्नाला हसवत नाही. १९७२ ते ७४ या काळात इथे गुप्तधनाच्या हव्यासापायी बायका आणि कोवळ्या मुलींचे बळी घेतले गेले. तेव्हा मी शाळेत होतो. दिवेलागण झाली की आई दाराला आतून कडी घालायची. आजही परगावी गावाचं नाव सांगितलं, की समोरच्याला कापूस नाही, तेच आठवतं. माझ्या माळवदात निघालं ते एवढंच: बांगड्यांचे तुकडे, दोन गोट्या आणि १९४३ सालचा, मधोमध भोक असलेला एक पैसा. निजामाच्या मुलखात तेव्हा हाली चलन चालायचं. हा इंग्रजी पैसा कुणाच्या कनवटीतून इथे आला कोण जाणे. विचारणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला. लोक जरा हिरमुसले.

उरलेल्या वीतभर मातीच्या मध्ये जाड प्लास्टिकचा कागद घातला, उतार नव्याने काढला आणि पन्हळ मोकळी केली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्याने शेतं वाहून गेली, गावं पाण्यात उभी राहिली. त्या रात्री मी आणि सौ. विजेरी घेऊन छताकडे बघत बसलो होतो. पहाटे तीनच्या सुमारास उत्तरेच्या कोपऱ्यात टपटप सुरू झाली. आई ओसरीवरून म्हणाली, “तिथं पूर्वीपासूनच गळतंय. पातेलं ठेव आणि झोप.”

काढलेल्या मातीचा ढीग अजून परसात आहे. ट्रॅक्टर बोलावून टाकून द्यावा म्हटलं, तर आई तयार नाही. चाळून ठेव म्हणते, मृगाआधी लागेल. अर्धी चाळून झाली आहे. आणि या खेपेस आधी खरवडायचं, हे डायरीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.