कुंड्यांचा हिवाळी बंदोबस्त

दसरा उलटून परतीचा पाऊस ओसरला, की पुण्यातील गच्च्यांवर कुंड्यांच्या हिवाळी बंदोबस्ताला आरंभ होतो. जमिनीतल्या झाडाला दूरवर मूळ धाडून अन्न मिळवण्याची मुभा असते. कुंडीतल्या गुलाबाचा सारा मुलूख मात्र दहा-बारा इंचांत संपत असल्याने, चार महिन्यांच्या पावसाने तेथील नत्र धुऊन नेले, माती घट्ट केली आणि तळाचे भोक गाळाने बुजवले, तर त्याला दाद मागायला दुसरे ठिकाण उरत नाही. म्हणून कात्रीच्या आधी खुरपे हाती घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम काही दिवस मी पाणी तोडतो. पाने मलूल होऊ लागली, की शेवाळ धरलेला, आंबूस वासाचा वरचा दोन-तीन इंचांचा थर हलक्या हाताने उकरतो आणि जाडसर मुळे दिसताच हात आवरतो. ती मुळे मग दोन-तीन दिवस सकाळचे कोवळे ऊन खातात. त्याच वेळी कुंडी आडवी करून तळाच्या भोकात काडी घालून पाहावी. ती सहज आत शिरली नाही, तर भोकावरची खापरी सरकलेली असते किंवा मुळांचे जाळे दाटलेले असते, आणि अशा वेळी झाड बाहेर काढून कुंडी नव्याने भरण्यावाचून गत्यंतर नसते.

छाटणीचा काप बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरपा घ्यावा, म्हणजे नवी फूट झाडाच्या पोटात न शिरता बाहेर फाकते आणि मधल्या पोकळीत वारा खेळतो. गाभा तपकिरी दिसला, तर निरोगी पांढरा गाभा लागेपर्यंत खाली उतरावे. कलमाच्या सांध्याखालून आलेला खुंटाचा फुटवा मात्र कितीही जोमदार दिसला तरी समूळ काढावा, कारण तो वरच्या जातिवंत कलमाचेच अन्न खातो. कापांवर मोरचूद आणि चुना यांची बोर्डो पेस्ट लावली, की पोयटा, मुरलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड यांनी कुंडी भरून तिला भरपूर पाणी द्यावे.

शेवंतीचा प्रश्न निराळा आहे: तिची कळी लांबत्या रात्रींच्या अंधारावर अवलंबून असल्याने रात्रभर जळणाऱ्या दिव्यापासून ती दूर ठेवली, की पुष्कळसे काम झाले.

छाटलेला गुलाब साधारण दीड महिन्याने फुलतो; म्हणूनच जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासाठी कुंड्या तयार करणारे हौशी लोक प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे दिवस मोजतात, थंडीने कळ्या लांबतील म्हणून त्यात थोडी सूट धरतात, आणि मगच छाटणीचा दिवस मुक्रर करतात.