आवाज अडवा, आवाज जिरवा

नंदुरबार जिल्ह्यात नकोशा आवाजाचे उगम शोधायला फार लांब जावे लागत नाही. सुरत–भुसावळ लोहमार्गावरून रात्रंदिवस धावणाऱ्या मालगाड्या, नवापूर आणि विसरवाडीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील अवजड वाहने, कपाशीच्या हंगामात धडधडणारी जिनिंगची यंत्रे आणि लग्नसराईत व मिरवणुकांत वाजणारे डीजे, एवढी यादी पुरेशी आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असल्यामुळे तेथला इंजिनाचा भोंगा तर एकाच वेळी दोन राज्यांची झोपमोड करतो. याउलट अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर घुमणारा ढोल कितीही मोठा असला, तरी तेथे जमलेल्यांच्या लेखी तो गोंगाट नसतो. आवाजाची तीव्रता उपकरणाने मोजता येते, त्याचा नकोसेपणा मात्र ऐकणाऱ्यानेच ठरवायचा असतो, आणि म्हणूनच या विषयात पदार्थविज्ञान जेथे थांबते तेथून कायदा सुरू होतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबल हे माप सरळ वाढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, जरी कानाला तो आवाज साधारण दुप्पटच मोठा वाटत असला. त्यामुळे १०० डेसिबलचा आवाज ५५ डेसिबलच्या आवाजापेक्षा तीस हजार पटींहून अधिक तीव्र असतो, आणि एवढी तफावत भरून काढणे एखाद्या पडद्याच्या किंवा पातळ फळीच्या आवाक्यातले नसते.

पाण्याबाबत महाराष्ट्राने ‘अडवा आणि जिरवा’ अशी दोन वेगळी कामे सांगितली, तशीच ती आवाजाबाबतही वेगळी आहेत, आणि ध्वनिरोधनाच्या नावाखाली होणारा बराचसा खर्च ही दोन कामे एकच समजल्यामुळे वाया जातो. आवाज अडवण्यासाठी वजन लागते. ध्वनिलहर भिंतीवर आदळली की भिंतीला किंचित हलवते आणि ती हललेली भिंत पलीकडच्या हवेला हलवते. भिंत जितकी जड तितके हे हलणे कमी, आणि दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केल्यास पलीकडे पोचणारा आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने घटतो. सातपुड्यातील पाड्यांवर बांबूच्या कुडाला माती आणि शेणाने लिंपून उभारलेली भिंत या हिशेबात नुसत्या पत्र्यापेक्षा बरीच उजवी ठरते. तिचा कमकुवतपणा मातीत नसून भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यामधल्या फटीत असतो, जी चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी आवश्यकच असते. एकूण क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी राहिली, तरी उरलेली भिंत कितीही भक्कम असो, तिचा एकंदर रोध २० डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. दाराखालची फट बुजवणे हा म्हणूनच ध्वनिरोधनातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच सहसा सर्वांत शेवटी आठवतो.

जिरवण्याचे काम वेगळ्या पदार्थांचे आहे. कापसाच्या पेळूत किंवा गोणपाटाच्या थरात तंतूंमधून हवेच्या असंख्य वेड्यावाकड्या वाटा असतात. ध्वनीमुळे मागेपुढे होणारी हवा या वाटांमध्ये घासली जाते आणि ध्वनीची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलून संपते. अशा थरामुळे खोलीतला घुमारा कमी होतो, म्हणजे भिंतींवरून पुन्हा पुन्हा परतणारा आवाज लवकर विरतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका सदोष व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून आणि हलवून हेच मोजले, आणि सभागृहांचे ध्वनिशास्त्र तेथून शास्त्र म्हणून उभे राहिले. मात्र तोच कापूस पडद्यासारखा टांगून शेजारचा आवाज थांबवू पाहिल्यास पदरी निराशाच येते, कारण ज्यातून हवा सहज जाते त्यातून आवाजही जातो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्या हौशी मंडळींची फसगत याच कारणाने होते, आणि त्यात आगीचा धोका वरचा.

तंतुमय शोषक बनवण्यासाठी लागणारा माल या जिल्ह्यात मुबलक आहे. कपाशी तर आहेच. शहादा तालुक्यात ऊस आणि केळी आहेत, आणि साखर कारखान्यात रस काढून उरणारा उसाचा चोथा, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, बहुतांशी बॉयलरमध्ये जाळला जातो. अमेरिकेत लुइझियानातील उसाच्या बगॅसपासून १९२० च्या दशकात ‘सेलोटेक्स’ नावाचे तक्ते बनू लागले आणि त्यांनाच छिद्रे पाडून केलेल्या छताच्या फरशा कचेऱ्यांतून व सभागृहांतून बसवल्या गेल्या. त्यामुळे ही कल्पना नवी नाही, प्रश्न आहे तो ओल, वाळवी आणि आग यांचा, आणि त्यासाठी तंतूंवर टाकणखारासारख्या क्षारांची प्रक्रिया करण्याची पद्धत वापरात आहे.

खरी अडचण खालच्या पट्टीच्या आवाजाची आहे. थर किती जाड हवा हे तरंगलांबीवर, म्हणजे ध्वनीच्या एका पूर्ण आंदोलनाने व्यापलेल्या अंतरावर ठरते, आणि थर त्या लांबीच्या चतुर्थांशाइतका असला म्हणजे शोषण चांगले होते. सेकंदाला १००० आंदोलने करणाऱ्या आवाजासाठी हे माप साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते. डीजेच्या ५० आंदोलनांच्या धमक्यासाठी ते जवळजवळ पावणेदोन मीटर होते, आणि एवढ्या जाडीचा कापूस कोणी भिंतीला लावणार नाही. घराच्या खिडक्या लावल्यावर मिरवणुकीतले गाणे ऐकू येईनासे होते, पण छातीत बसणारा ठोका तसाच राहतो, याचे कारण असे, की वजनाची भिंतसुद्धा खालच्या पट्टीपुढे दुबळी पडते.

या अडचणीतून बाहेर पडण्याची वाट २००० साली हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील पिंग शेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. त्यांनी सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळ्यांवर मऊ सिलिकॉन रबराचा थर दिला आणि असे गोळे कठीण राळेत ओळीने बसवले. रबर स्प्रिंगचे आणि शिसे वजनाचे काम करते, त्यामुळे प्रत्येक गोळीला स्वतःची अशी एक आंदोलनसंख्या मिळते. बाहेरचा ध्वनी त्या संख्येच्या थोडा वर असला, की गोळी ढकलण्याच्या दिशेने न जाता उलट दिशेने हलते, आणि संपूर्ण तक्ता जणू त्याचे वस्तुमान ऋण असल्यासारखा वागतो. अशा रीतीने जवळपास ८५ सेंटिमीटर तरंगलांबीचा आवाज अवघ्या दोनेक सेंटिमीटर जाडीच्या तक्त्याने रोखला. ज्यांचे गुण घटकद्रव्यापेक्षा रचनेतून येतात अशा पदार्थांना मेटामटेरियल म्हणतात. या तक्त्यातील शिसे, रबर आणि राळ ही तिन्ही द्रव्ये अगदी साधी आहेत, करामत आहे ती मांडणीची.

बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये याच विचाराने एक कडे तयार केले, ज्याच्या मधल्या मोकळ्या भागातून हवा वाहते, पण कडेच्या नागमोडी वाटांतून फिरून आलेला ध्वनी मधल्या ध्वनीला मारक ठरतो आणि ठरावीक पट्टीतला ९४ टक्के आवाज पलीकडे जात नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या तापीकाठच्या गावांना खिडकी बंद करणे परवडत नाही, हे ध्यानात घेतले तर वारा येऊ देणारा आणि आवाज थोपवणारा पदार्थ येथे चैनीचा ठरत नाही. अशा पदार्थांना लावले जाणारे ‘स्मार्ट’ हे विशेषण मात्र काटेकोरपणे पुढच्या टप्प्याला शोभते: एमआयटीतील संशोधकांनी २०२४ मध्ये रेशमी कापडात विजेवर कंप पावणारा केसाएवढा तंतू ओवून असे कापड केले, की त्याचे कंपन आवरून धरले असता त्यातून पार होणारा आवाज ७५ टक्क्यांपर्यंत घटतो.

रस्त्यांवर आज दिसते ते यापेक्षा साधे आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मध्य प्रदेशच्या सिवनी जिल्ह्यात सुमारे ४ मीटर उंचीच्या पोलादी भिंती उभारून वाहनांचा आवाज आणि उजेड जंगलापासून दूर ठेवला आहे. अशा भिंतीच्या माथ्यावरून ध्वनी वळून खाली उतरतोच, आणि खालच्या पट्टीचा जास्त उतरतो, म्हणून ती रस्त्याला किंवा ऐकणाऱ्याला लगटून असली तरच उपयोगी पडते.

मेटामटेरियलची मर्यादा अशी, की बहुतेक रचना एका अरुंद पट्टीपुरत्याच चालतात, आणि ती पट्टी बनवतानाच ठरवावी लागते. त्यामुळे एकाच सुरात चालणाऱ्या यंत्रांना त्या उत्तम लागू पडतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरच्या डिझेल जनरेटरमध्ये सेकंदाला नेमके ५० स्फोट होतात, जिनिंगचे आणि साखर कारखान्याचे पंखेही ठरल्या वेगाने फिरतात, आणि तेथे हवा जाऊ देणारी कडी धुराड्यावर किंवा पंख्याच्या तोंडावर बसवणे तत्त्वतः शक्य आहे. डीजेचा सूर गाण्यागणिक बदलतो आणि गाडा गल्लीगणिक पुढे सरकतो. त्याच्यासाठी तूर्त रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत, एवढेच साधन हाताशी आहे.