रानगवतावरील तांबेरा : एका परजीवी कवकाचे दुहेरी जीवन

वनस्पतींवर उपजीविका करणाऱ्या परजीवी कवकांमध्ये तांबेरा कवकांचे स्थान वेगळे आहे. पक्सिनिया ग्रॅमिनिस हे त्यांतील सर्वपरिचित कवक होय. गव्हाचा शत्रू म्हणून त्याची ख्याती असली, तरी साडेतीनशेहून अधिक तृणजातींवर त्याची नोंद झालेली असून त्यांत रानगवतांचा भरणा मोठा आहे. शेताच्या बांधावरचे, कोणाच्याही हिशेबात नसलेले गवत या कवकाला दोन हंगामांमधील आश्रय पुरवू शकते.

मात्र तांबेरलेले प्रत्येक गवत गव्हाला घातक असते, असे नव्हे. स्वीडनमधील याकोब एरिक्सन यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले की, दिसावयास एकसारख्या असलेल्या या कवकाचे यजमानानुसार विशिष्ट प्रकार पडतात. गव्हावरचा प्रकार ओटवर सहसा वाढत नाही.

गवतावर या कवकाचे विटकरी रंगाचे बीजाणू तयार होतात. ते वाऱ्याने पसरून पर्णरंध्रांतून आत शिरतात आणि अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत नवे फोड दिसू लागतात. पीक पक्व होताना तेथेच काळे, जाड भिंतीचे बीजाणू निर्माण होतात. त्यांच्यापासून पुढे निघणारे सूक्ष्म बीजाणू गवताला बाधूच शकत नाहीत. त्यांना बार्बेरीचे, म्हणजे दारुहळदीच्या कुळातील झुडूप लागते. या दोन यजमानांचा संबंध आंतोन द बारी यांनी १८६५ मध्ये प्रयोगाने सिद्ध केला. लैंगिक संकर बार्बेरीवर घडत असल्याने कवकाचे नवे वाणही तेथे उपजतात. म्हणूनच अमेरिकेने १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची व्यापक मोहीम राबवली. उलटपक्षी, ब्रिटनमध्ये एका दुर्मिळ पतंगासाठी हीच झुडपे पुन्हा लावली जात असताना २०१३ मध्ये गव्हावर हा तांबेरा अनेक दशकांनंतर आढळला.

भारतातील वस्तुस्थिती निराळी आहे आणि आपल्या वर्गाध्यापनात ती बहुधा उपेक्षित राहते. फळ्यावर बार्बेरीसह पूर्ण जीवनचक्र रेखाटले जाते. पण आग्रा येथील के. सी. मेहता यांच्या प्रदीर्घ संशोधनानुसार भारतीय साथींत त्या झुडपाचा वाटा नाही. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात विटकरी बीजाणू तग धरत नाहीत. ते डोंगराळ भागातील गव्हावर टिकतात व तेथून परततात. मग शिमल्याच्या परिसरातील दारुहळदीवर दिसणारे पेल्याच्या आकाराचे नारिंगी पुंजके कशाचे? आर. प्रसाद यांनी १९४७ मध्ये त्यांचा संबंध रानगवतावरील तांबेऱ्याशी जोडला. केवळ झुडूप पाहून गव्हाचा रोग ठरवणे किती फसवे, हे यावरून कळते.

हा प्रश्न निव्वळ वर्गीकरणाचा नव्हता. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात खोडावरील तांबेऱ्याची साथ उसळून सुमारे २० लाख टन गव्हाची हानी झाल्याचे मानले जाते. उत्तरेकडील झुडपांत शोध घेऊन या साथीचा उगम सापडला नसता. पुढे एस. नागराजन व एल. एम. जोशी यांनी निलगिरी व पळणीच्या डोंगरांतील बीजाणू नोव्हेंबरच्या सुमारास चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर मध्य भारतात पोहोचतात व पावसासोबत पिकावर उतरतात, असे दाखवले.